कौल मागण्यापूर्वी

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सकाळची मिस्सा आटोपल्यावर, आमच्या गावातील पंधरा-वीस माणसे शाळेच्या एका वर्गात जमली. बाके लहान मुलांची. साठी ओलांडलेले आम्ही लोक गुडघे आखडून कसेबसे बसलो. विषय होता आळीच्या टोकाला असलेल्या बावखलाचा. ते अर्धे बुजवावे, त्या बाजूने रस्ता रुंद करावा आणि उरलेल्या भरावावर वाहने उभी करण्याची सोय करावी, अशी सूचना पुढे आली होती. सूचना परक्या कोणाची नव्हती. ती मांडणाऱ्यांत आमचे शेजारी होते, आमचे एक चुलत बंधूही होते. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, छातीत मध्यरात्री कळ आली. रुग्णवाहिका आली ती बावखलाच्या वळणावर अडली. चौघांनी काकींना खुर्चीत बसवून, पाण्यातून पाय उचलीत, त्या वळणापर्यंत नेले. काकी वाचल्या, परंतु त्या रात्रीची आठवण काढली की बंधूंचा आवाज अजून कापतो.

बावखल म्हणजे काय हे वसईकरांना सांगावयास नको. तरी आमच्या नातवंडांसाठी सांगतो. पावसाचे पाणी साठावे म्हणून पूर्वजांनी खोदलेला हा गोड्या पाण्याचा साठा. त्यावर रहाट चाले आणि केळीच्या व पानवेलीच्या वाड्या भिजत. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरींना खारे पाणी लागले नाही, त्याचे पुष्कळसे श्रेय या बावखलांचे. 2018च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, रेल्वेगाड्या थांबल्या, त्या दिवसांत आमच्या आळीतले पाणी लवकर ओसरले. ज्या आळीतली बावखले आधीच बुजली होती, तेथे ते दिवसचे दिवस तुंबून राहिले. म्हणून बुजवू नये म्हणणारेही तितक्याच पोटतिडकीने बोलत होते.

दोन तास बोलणे झाले. अखेर कोणीतरी तोडगा काढला. 'आपसांत वैर कशाला? गावाचे मत घेऊ या. चिठ्ठ्या टाकू, जे निघेल ते सर्वांनी मान्य करायचे.' सर्वांनी माना डोलावल्या. नोकरीच्या काळात आम्ही शिक्षक या नात्याने मतदान केंद्राध्यक्षाचे काम अनेक वेळा केलेले, म्हणून या मतदानाची आखणी आमच्या गळ्यात पडली. एक पेटी, एक यादी, शाईची बाटली. आठ दिवसांत उरकून टाकू, असे आम्ही त्या वेळी छातीठोकपणे सांगितले. त्या गोष्टीला पाच महिने होत आले. चिठ्ठी अजून छापून झालेली नाही. ती का झाली नाही, त्याची ही हकिकत.

आम्ही प्रथम कायद्याकडे वळलो आणि तेथे निराशाच झाली. महापालिका क्षेत्रात लोकांचा थेट कौल घेऊन एखादा प्रश्न सोडवावा, अशी तरतूदच नाही. गावाची ग्रामपंचायत होती तेव्हा निदान ग्रामसभा होती. 1992 साली संमत झालेल्या 73व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत मानाचे स्थान मिळाले. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी दवंडी पिटली जाई. तेथे भांडणे होत, खुर्च्या सरकत, कधी सभा तहकूबही होई. पण डोक्यावर टोपली घेऊन बाजारातून परतणारी बाई दारात उभी राहून सरपंचांना जाब विचारू शकत असे. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. त्या दिवशी आमची ग्रामपंचायत गेली आणि तिच्यासोबत ग्रामसभाही गेली. नगरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे खरी. परंतु राज्यातील शहरांत ती बहुधा कागदावरच राहिली.

त्यानंतरचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. गावांनी विरोध केला, मोर्चे निघाले, उपोषणे झाली. 31 मे 2011 रोजी राज्य शासनाने 29 गावे महापालिकेतून वगळण्याचा निर्णय घेतला. आगाशी, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज, वाघोली ही पश्चिमेकडची गावे त्यांत होती, तशी कामण, शिरसाड, चांदीप ही पूर्वेकडचीही होती. महापालिका उच्च न्यायालयात गेली, निर्णयाला स्थगिती मिळाली, आणि गावे ना धड आत ना धड बाहेर अशी लोंबकळत राहिली. 2024 साली शासनाने 2011चा निर्णय मागे घेतला आणि गावे महापालिकेतच राहिली. या तेरा वर्षांत अर्ज झाले, सुनावण्या झाल्या, हरकतींचे गठ्ठे झाले. 2020च्या जूनमध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची निवडणूक होण्यास 2026चा जानेवारी उजाडला. मधली साडेपाच वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. या सर्व काळात, गावात राहणाऱ्या माणसाच्या हाती मतपत्रिका देऊन, 'बाबा रे, तुला आत राहायचे की बाहेर?' असा साधा प्रश्न कोणी विचारला नाही.

ही खंत मनात असल्यामुळेच जनमताचा शब्द ऐकताच आमचे लोक हरखले होते. आपल्याला कोणी विचारले नाही, निदान आपण एकमेकांना विचारू, ही त्यामागची भावना. ती खोटी नव्हती. परंतु कोणी विचारले नाही याचे दुःख असणे वेगळे आणि विचारावे कसे हे कळणे वेगळे.

शिकवण घ्यावी तर ती आपल्या शेजारच्या गोव्याकडून. भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही; म्हणून गोव्यासाठी संसदेने 1966च्या डिसेंबरात स्वतंत्र कायदा केला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघराज्याचा प्रदेश म्हणून राहावे, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाला फूल आणि वेगळे राहण्याला दोन पाने, अशी चिन्हे ठरली. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर समर्थक. ते सत्तेवर असताना मतदान निर्भयपणे होणार नाही, अशी शंका निघाली. तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. अंतर 34,021 मतांचे. आणि मौज पाहा, दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच गोवेकरांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा निवडून दिले व ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. माणूस नाकारला नव्हता, प्रश्नाचे उत्तर दिले होते. विलीनीकरणाविरुद्धचा प्रचार 'राष्ट्रमत'सारख्या दैनिकातून मराठीतच झाला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. एकच भाषा बोलणारे लोक एकाच प्रश्नावर दोन बाजूंना उभे राहू शकतात आणि पुन्हा एका बाजारात मासळी घेऊ शकतात.

दुसरे उदाहरण आपल्या कोकणातले. 21 सप्टेंबर 2008 रोजी रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील 22 गावांच्या शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की न द्यावी, हा प्रश्न. हेटवणे धरणाच्या पाण्यावर भिजणारी ती शेते. मतदान शांततेत झाले. कौल मोठ्या बहुमताने विरोधात असल्याचे वृत्तपत्रांतून आले. प्रकल्प पुढे गेला नाही. परंतु ज्यांनी मते दिली त्यांना शासनाकडून निकाल विधिपूर्वक वाचून दाखविला गेला नाही. मत मागायचे आणि मोजलेले सांगायचे नाही, यात मतदाराचा जो अवमान आहे तो आम्हांस पराभवापेक्षा मोठा वाटतो.

तिसरे उदाहरण आमच्या पत्नीने पुढे केले. ती म्हणाली, 'एवढे लांब कशाला जाता? बाटलीचे मतदान विसरलात?' दारूचे दुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात स्त्रियांचे गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चित्रे असतात. 2008च्या शासन आदेशानुसार एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी सह्यांनिशी मागणी करावी लागते आणि दुकान बंद होण्यासाठी एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणजे जी बाई घरी राहिली तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला गेले. नवऱ्याच्या धाकाने घरी राहिली, मजुरीला गेली म्हणून राहिली, की कंटाळा केला म्हणून, हे गणित विचारीत नाही. केवळ मोजण्याच्या नियमात गावाचे भवितव्य कसे दडलेले असते, हे आमच्या ध्यानात त्या दिवशी आले.

अशी टिपणे काढून आम्ही प्रश्न लिहावयास बसलो. 'बावखल बुजवावे काय?' असा प्रश्न लिहिला. शेजाऱ्यांना दाखविला. ते म्हणाले, 'मास्तर, हा तुमच्या बाजूचा प्रश्न झाला. असे विचारल्यावर कोण हो म्हणेल?' मग त्यांनी आपला लिहून आणला: 'रुग्णवाहिका घरापर्यंत येण्यासाठी रस्ता रुंद करावा काय?' आता याला नाही कोण म्हणेल? गोष्ट एकच, परंतु एका कागदावर गाव नाही म्हणणार आणि दुसऱ्यावर हो म्हणणार. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा आम्ही मनातल्या मनात वरमलो. आम्हांला गावाचे मत नकोच होते. आम्हांला आमच्या मतावर गावाचा शिक्का हवा होता.

पवित्र बायबलात एका जनमताची हकिकत आहे. आपण ती दरवर्षी पवित्र सप्ताहात ऐकतो, जमावाची वाक्ये स्वतः म्हणतोही. पिलाताने लोकांपुढे प्रश्न ठेवला: बरब्बा हवा की येशू? लोकांनी एकमुखाने बरब्बा मागितला. त्या मतदानात काय नव्हते? विचार करावयास वेळ नव्हता. गुप्तता नव्हती, वेगळे बोलणाऱ्याचा आवाज गोंगाटात बुडाला असता. काही वजनदार मंडळी गर्दीत फिरून लोकांना चिथावीत होती. आणि ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार होता त्याने लोकांना पुढे करून स्वतःचे हात धुतले. पन्नास वर्षे हा उतारा आम्ही ऐकत आलो. पिलाताच्या जागी आपण स्वतः कागद-पेन घेऊन बसू शकतो, हे मात्र पहिल्यांदाच उमगले.

त्यापुढची अडचण यादीची. मत कोणाला? सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्यांना, असे एकाने सुचविले. बावखलाच्या उताऱ्यावर पाच घरांची नावे, त्यांत आमचेही. मग पाण्यामुळे ज्यांच्या विहिरी भरतात त्यांचे काय? 'मूळ गावकऱ्यांना मत द्या,' असे दुसरे म्हणाले. आणि मूळ गावकरी कोण, हे ठरविताना स्वर चढले. आळीच्या तोंडाशी एक चार मजली इमारत आहे. तेथे बत्तीस बिऱ्हाडे राहतात. कोणी कोकणातले, कोणी देशावरचे, काही उत्तर भारतातले. 'त्यांना मत दिले तर बावखल गेलेच समजा. त्यांना गाडी लावायला जागा हवी,' असे एकजण जोरात बोलून गेला आणि पुष्कळांनी होकार भरला.

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. बोलण्यास तोंड नव्हते. ती इमारत ज्या जागेवर उभी आहे ती आमच्या वडिलांची वाडी. 1990 साली सिडकोची वसई-विरार भागासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, हरित पट्ट्यावर घाला येणार म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने रान उठविले, त्या काळात आम्हीही घोषणा दिल्या होत्या. आणि त्यानंतर काही वर्षांनी बहिणीचे लग्न, घराचे स्लॅब आणि धाकट्याचे परदेशी जाणे यांसाठी आमच्याच घराने ती वाडी विकली. विकत घेणाऱ्याने बळजबरी केली नव्हती. सही वडिलांची होती, साक्षीदार म्हणून आमची होती. ज्यांना आम्ही उपरे म्हणत होतो ते आमच्याच सहीने गावात आले होते. वाडीचे पैसे घ्यायचे आणि त्या वाडीवर राहणाऱ्याला मत नाकारायचे, हा कोणता न्याय?

त्या रात्री प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडले. सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समुदायातील तक्रार आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकुर उठली. म्हणजे तेथेही मूळचे आणि बाहेरचे होते! प्रेषितांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि तुम्हीच सातजण निवडा असे सांगितले. निवडलेल्यांची नावे पाहावीत: स्तेफन, फिलिप, प्रोखर, निकानोर, तीमोन, पार्मेना, निकोलाव. सातही नावे ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्या भाषेतील माणसांच्या हाती समुदायाने वाटप सोपविले. आमच्या सभेने यादीतून बत्तीस बिऱ्हाडे वगळण्याचा घाट घातला होता.

पुढच्या बैठकीत आम्ही वाडीची गोष्ट सर्वांसमोर सांगितली. सांगताना जीभ अडखळली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चुलत बंधू म्हणाले, 'तुम्हीच कशाला, विकली तर आम्हीही आहे.' एकेक करीत चार घरांनी तेच सांगितले. त्यानंतर यादीचा वाद फारसा उरला नाही. आळीत राहणारा अठरा वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुष मतदार, असे ठरले. इमारतीतील दोन भगिनी तेव्हापासून बैठकींना येतात. त्यांपैकी एक रुग्णालयात परिचारिका आहे. तिनेच पहिल्या दिवशी विचारले, 'रस्ता बावखलाच्याच बाजूने का रुंद करायचा? समोरच्या बाजूला कुंपणे आहेत ना?'

इतक्या महिन्यांत आम्हां जुन्या गावकऱ्यांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते. किंवा सुचले असेल तर कोणी उच्चारले नव्हते. बावखल सर्वांचे, म्हणून त्यातून घ्यावयास कोणाचा हात अडत नव्हता. कुंपण ज्याचे त्याचे. आम्ही दोरी घेऊन मोजले. वळणापासून काकींच्या घरापर्यंत सात कुंपणे. प्रत्येकाने चार फूट मागे घेतले तर रुग्णवाहिका सुखाने आत येते आणि बावखलाला हात लावावा लागत नाही. वाहने उभी करण्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, हे खरे. तो इमारतीच्या लोकांनी मोकळेपणी बोलूनही दाखविला.

आता मतपत्रिकेचा मसुदा असा आहे. पर्याय तीन: बावखल अर्धे बुजवून रस्ता व वाहनतळ करावा, बावखल राखून कुंपणे मागे घ्यावीत व रस्ता करावा, काहीच करू नये. प्रश्नाच्या वाक्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या आहेत. निम्म्याहून अधिक मते कोणालाच न पडल्यास पहिल्या दोहोंवर पुन्हा मतदान. मतदान गुप्त, मोजणी दोन्ही बाजूंसमक्ष, निकाल त्याच संध्याकाळी मोठ्याने वाचून देवळाच्या फलकावर लावायचा. हा कौल कायद्याने कोणाला बांधणार नाही. तो निवडून आलेल्या नगरसेवकांकडे आणि अधिकाऱ्यांकडे गावाची विनंती म्हणून जाईल. परंतु आम्ही एकमेकांना शब्द दिला आहे की हरणारी बाजू दुसऱ्या दिवशी वेगळा अर्ज घेऊन धावणार नाही. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा लावणारा उत्तर आधी ठरवून जात नाही. माणसांना कौल लावतानाही तेवढी श्रद्धा हवी.

एक अट मात्र उरली आहे. दुसऱ्या पर्यायावर मत मागायचे तर ज्यांची कुंपणे आहेत त्यांनी आधी संमती दिली पाहिजे. दुसऱ्याच्या अंगणावर बहुमताने नांगर फिरविणे आम्हांस मान्य नाही. सात घरांपैकी चारांनी सह्या दिल्या. पाचवे कुंपण आमचे. चार फुटांत आईने लावलेला सोनचाफा येतो. मुलगा म्हणाला, 'आधीच थोडी उरली आहे जागा, तीही देणार?' त्याचे म्हणणे चुकीचे नाही. दोन आठवडे तो कागद आमच्या टेबलावर पडून होता. मागल्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती करून घरी आलो तेव्हा पत्नीने काही न बोलता पेन पुढे केले. आधी तिने सही केली, मग आम्ही. मुलाने रविवारी केली.

उरलेल्या दोन घरी या आठवड्यात जावयाचे आहे. त्यांनी नाही म्हटले तर मतपत्रिका पुन्हा लिहावी लागेल आणि त्यांच्यावर राग धरून चालणार नाही. हो म्हटले तर पास्काच्या सणानंतरच्या दुसऱ्या रविवारी, शाळेच्या त्याच वर्गात, मतदान होईल. काकी विचारीत होत्या, मला तेथवर नेणार कोण? परिचारिका भगिनी म्हणाल्या, 'आजी, मी येते ना न्यायला.'